विहिणीचे ताट

॥ श्री ॥
वाशी, १२ एप्रिल १९८७

ती. वेणूताईस,
सरस्वतीचा शि. सा. न.

तुझ्या पायाचे प्लास्टर आणखी महिनाभर राहणार, म्हणजे तू आपल्या अरविंदच्या लग्नाला येत नाहीस, हे आता धरून चालते. मी वरमाई होणार आणि माझी थट्टा करायला तू नाहीस.

ऑपरेशनला सहा महिने झाले. अमेरिकेहून परतलेल्या डॉक्टरांनी वजन उतरावे म्हणून पोटाचा लिंबाएवढा भाग ठेवला आणि बाकीचा बाजूला सारला, हे तुला माहीत आहेच. एकशे आठ किलोंची मी आता ऐंशीवर आले आहे. रक्तातली साखर उतरली. चौथ्या मजल्यापर्यंत कुठेही न थांबता चढते. तक्रार नाही.

चव लागते का, असे तू विचारले आहेस. लागते. पहिल्या घासाला पूर्वीपेक्षा जास्त लागते. आमटीतला गूळ, चिंच आणि मसाला वेगवेगळे कळतात. दुसऱ्या घासालाही कळतात. पाचव्या घासाला आतून कोणीतरी दार लावून घेते. मग समोर नुसते पदार्थ असतात. गोड मुळीच चालत नाही. पाडव्याला अर्धी वाटी श्रीखंड खाल्ले, तर घाम सुटला, छाती धडधडली आणि तासभर आडवे व्हावे लागले.

एक गंमत सांगते. आमच्या घरात किती उरते हे मला पंचवीस वर्षांत कळले नव्हते. पातेल्याच्या तळाची भाजी, अरविंदने टाकलेली अर्धी पोळी, ह्यांना नको झालेला भात, सगळे ओट्यापाशी उभ्याने माझ्या पोटात जात असे. आता ते उरते. हल्ली स्वयंपाक जास्त करतेस का, असे ह्यांनी परवा विचारले. मी तेवढाच करते.

मुलीकडच्या पेणच्या मंडळींना ऑपरेशनचे सांगावे का? ह्यांचे म्हणणे, कशाला. तू काय म्हणतेस ते लवकर कळव. तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
सरस्वती


मिरज, १९ एप्रिल १९८७

चि. सौ. सरस्वतीस,
वेणूताईचे अनेक आशीर्वाद.

सांगू नकोस. पोट कापून घेतलेली सासू म्हटले की लोक आधी आजार विचारतील, मग तो मुलात आहे का ते विचारतील. लग्न होऊन जाऊ दे.

विहिणीच्या पंगतीत मात्र सांभाळ. मुलीकडची सारी हौस त्या एका ताटात असते. तुला सोडणार नाहीत. आमच्या सासूबाई कवळी बसवल्यापासून प्रत्येक लग्नात जिलबी मांडीवरच्या रुमालात जमा करायच्या आणि घरी येऊन नातवंडांना वाटायच्या. तोंडाने आवाज मात्र छान करायच्या. कोणाला कधी कळले नाही. तू मोठा रुमाल ने.

लहानपणी माझ्या ताटातला पापड पळवणारी तू, आणि आता पाच घासांत थांबतेस, हे मला डोळ्यांपुढे आणता येत नाही. पाय बरा झाला की येते. तुझे उरलेले मी संपवीन. तब्येतीला जप, आणि मला विसरू नकोस.
तुझी ताई


वाशी, २० मे १९८७

ती. वेणूताईस,
सरस्वतीचा शि. सा. न.

कार्य पार पडले. तुझा रुमाल पहिल्या जिलबीपुरता कामी आला.

चौरंग, रांगोळी, चांदीचे ताट, सगळे होते. बायका गाणी म्हणत होत्या. पण वैशालीची आई, मीनाक्षीबाई, स्वतः समोर बसली आणि स्वतःच्या हाताने भरवू लागली. मुलीच्या आईचा हात तोंडाशी आला की तो परतवता येत नाही. मी दोन जिलब्या खाल्ल्या. मसालेभात वाढेपर्यंत घाम फुटला होता. मी पंगतीतून उठले. गाणे अर्ध्यावर थांबले. डोके दुखते असे सांगून खोलीत जाऊन पडले. मीनाक्षीबाई दाराबाहेर उभी होती, हे मला तिच्या बांगड्यांवरून कळत होते. तिने दार वाजवले नाही.

पाठवणी मात्र नीट झाली. वैशाली गुणी आहे. अरविंदची दुसरी पाळी असते आणि तो कारखान्यातच जेवतो, आमचे हेही उशिरा येतात, म्हणून आम्ही दोघी एकत्र बसतो. तिचे खाणे बेताचे आहे. माझ्याबरोबर बसते आणि माझ्याबरोबर उठते. आपल्या घराला शोभेल अशी आहे. तिला ऑपरेशनचे सांगितलेले नाही. अरविंदलाही गप्प राहायला सांगितले आहे. आता सांगायला निमित्त मिळत नाही. तुझी माया आहे तशीच राहो.
सरस्वती


पेण, ३ ऑगस्ट १९८७

सौ. सरस्वतीबाई यांस,
मीनाक्षीचा सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र दोनदा लिहून फाडले. हे तिसरे.

आपण पंगतीतून उठलात तेव्हापासून आमचे हे आचाऱ्याला बोल लावतात आणि मी स्वतःला. काय चुकले ते आम्हांला अजून समजलेले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही. आज विचारते, कारण नागपंचमीला वैशाली आली. लग्नातले ब्लाउज तिच्या खांद्यावरून उतरत होते. दुपारी चारला तिने भाकरी मागितली, मग दुसरी मागितली, आणि उभ्यानेच खाल्ली. मी फार खोदून विचारले तेव्हा म्हणाली की सासूबाई चार-पाच घासांत थांबतात, त्यांचा हात थांबल्यावर नव्या सुनेने जेवत कसे राहायचे.

ती गाऱ्हाणे सांगत नव्हती, हे कृपा करून ध्यानात घ्या. तिला वाटते की आपला राग उतरलेला नाही, म्हणून आपण तिच्यासमोर अन्नाला नीट हात लावत नाही. मलाही तसेच वाटते. मानपानात काही राहिले असेल तर सांगा, आम्ही दोघे येऊन पाया पडू. पण राग आमच्यावर काढा. मुलीला पोटभर जेवू द्या.

गुरुवारी तिला पाठवत आहे. मी लिहिले हे तिला माहीत नाही. त्याचा त्रास तिला होऊ नये, एवढीच विनवणी.
मीनाक्षी


वाशी, ९ ऑगस्ट १९८७

सौ. विहीणबाई यांस,
सरस्वतीचा सप्रेम नमस्कार वि. वि.

राग नव्हता. जिलबी चांगली होती, आणि तेच अवघड झाले. गेल्या ऑक्टोबरात वजनासाठी माझे पोटाचे ऑपरेशन झाले. पाच-सहा घासांपलीकडे अन्न जात नाही आणि गोड अंगावर येते. लग्नात विघ्न नको म्हणून आम्ही हे लपवले. आचाऱ्याचा दोष नाही, तुमचाही नाही. हे तुमच्या यजमानांना, शिवरामपंतांना, आधी वाचून दाखवा.

गुरुवारी वैशाली आल्यावर तिला जवळ बसवून पोटावरची खूण दाखवली. ती बराच वेळ पाहत होती. मग दुखते का, असे तिने विचारले. दुखत नाही, आणि भूकही लागत नाही, असे मी सांगितले. तेव्हा ती रडली. माझ्यासाठी की स्वतःसाठी, ते मी विचारले नाही. तीन महिने मी तिला कमी खाणारी समजत होते आणि मनात कौतुक करत होते.

मग पाने घेतली. माझे पाच घास झाले. मी हात धुतला नाही, तशीच बसून राहिले आणि तिला वाढत गेले. आधी लाजली, मग जेवली. चार पोळ्या खाल्ल्या, वर ताकभात. मोजले नाही असे लिहिणार होते, पण मोजले. मला तिचा हेवा वाटला. माया नंतर आली. तुमच्यापासून एकदा लपवून पाहिले, आता हे तरी लपवत नाही.

मुलीची काळजी करू नका. एकदा दोघे येऊन तिला जेवताना पाहून जा. स्नेह आहे तसा राहू द्यावा.
आपली,
सरस्वती

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी वैशालीला वाचायला दिले. वर चार पोळ्या लिहिल्या आहेत, तेथे तिने चार खोडून पाच केले आहे.