'हिरवी शिदोरी'चा तांदूळ

३ नोव्हेंबर
ठरलं. दुकानाचा स्वतःचा ब्रँड काढायचा. नाव 'हिरवी शिदोरी'. सुरुवात तांदळापासून. कडावचे आबाजी शेणखतावर कोलम पिकवतात, तोच घ्यायचा. सस्टेनेबल सोर्सिंग! अख्ख्या कर्जतमध्ये हा शब्द नीट उच्चारणारा दुकानदार मी एकटाच. एक जानेवारीला लाँच.

१० नोव्हेंबर, सकाळी
पाकिटं आली. कागदी, पर्यावरणपूरक. प्रत्येक पाकीट वेगळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. बायको हसली. दुर्लक्ष केलं.

२२ नोव्हेंबर
आबाजींनी माझा अकरा पानी फॉर्म भरून आणला. 'कार्बन फूटप्रिंट किती?' यापुढे लिहिलंय, 'चप्पल आठ नंबर.' पुन्हा भरायला दिला. शिस्त म्हणजे शिस्त.

५ डिसेंबर
आबाजींच्या घरून सोनाबाईंचा फोन. "शेठ, तांदूळ गिरणीतनं आणून ठेवलाय. माथेरानचा हाटेलवाला मागत व्हता, त्याला नाय सांगितलं. कवा नेता?" ऑडिटशिवाय माल उचलता येत नाही, असं सौम्य पण ठाम सांगितलं. बायको म्हणाली, अहो, आधी तांदूळ तर आणा. ती शाळेत शिकवते. धंदा वेगळा.

१९ डिसेंबर
कडावला ऑडिट. उंदरांसाठी कोणतं केमिकल वापरता, विचारलं. सोनाबाईंनी मांजर दाखवलं. रिपोर्टात 'जैविक नियंत्रण' लिहिलं. जेवायचा फार आग्रह झाला, पण ऑडिटरने पुरवठादाराकडे जेवू नये. उपाशी आलो. डोकं दुखतंय.

१ जानेवारी
लाँच पुढे ढकललं. सोर्सिंग पॉलिसी लिहितोय, तिचं मराठी अडलंय. 'स्टेकहोल्डर'ला शब्दच सापडत नाही. बोर्ड मात्र लावला. दिवसभर गिऱ्हाइकं विचारतात, तांदूळ कुठाय? लोकांना धीर म्हणून नाही. वैताग.

११ जानेवारी
सगळं फायनल. कोंडाजीचा टेंपो घेऊन कडावला गेलो. पडवीत एक पोतं नाही.
सोनाबाई म्हणाल्या, "थांबलो की शेठ, महिना झाला. गाडी वाजली की बाहेर येऊन बघायचं. परवा हाटेलवाला परत आला. मूठभर शिजवून खाल्ला, नि समदाच घेऊन गेला."
मला कळवायला हवं होतं, असं म्हणालो.
"कळवायचा फारम कुठं दिलावता तुमी?"
आबाजी घरात होते. बाहेर आले नाहीत. चहा मात्र आला. बशीत ओतून पटकन संपवला, वर बघवेना.
टेंपो रिकामाच परत. वाटेत कोंडाजीने विचारलं, एवढं काय हाय त्या तांदळात? चव कशी हाय?
माहीत नाही, म्हणालो.