पोराच्या मापाची पँट

शेवंते,
तुझी आई गेल्याचा सांगावा आला, तेव्हा तू चाकूरला हातपंप खोलून बसली होतीस. तेलकट हातांनीच आलीस आणि तिच्यापुढं मडकंही तूच धरलंस. तेव्हापासून तुझ्या मामाचं मला एकच, "दाजी, लातूर जिल्हा नवा झाला म्हून रीत नवी होती का? पोरीच्या हातातला पाना काढा."

आज तो लातुरात तुझ्या सोयरिकीचा शब्द देणार आहे, म्हणून पहिल्या गाडीनं निघालो. एवढ्या दुष्काळात तू पंप सोडणार नाहीस, हे त्याला मीच सांगतो. भाकरी झाकली आहे, खाऊन जा.

पंपाच्या कामाला पोरीची पँट शिवत नाही म्हणाला शिंपी, तर तुझ्या आईनं "पोराची आहे" म्हणून तुझं माप दिलं होतं. ती पँट आणायची राहिली आहे, येताना घेऊन येतो.