बापाची रीत

हैफा बंदर

बाबा,

“पोलंडवाल्यांत राहून तूही उभ्याने तफिलिन बांधशील,” हे तुमचं पालुपद आता पुरे! गोदीत क्रेनच्या साखळीत सापडून माझा उजवा हात मोडलाय. प्रार्थनेआधी तफिलिनचा पट्टा डाव्या हाताला एकट्याने गुंडाळता येईना, म्हणून शेजारचे पोलंडचे झेलिगकाका आले. सवयीने त्यांनी पट्टा आतल्या बाजूने वळवला आणि थबकले.

“तुम्ही बगदादवाले बसून बांधता ना? मग बस की, गाढवा!”

सगळा सोडवून त्यांनी तो तुम्ही गुंडाळता तसा, बाहेरच्या बाजूने गुंडाळला.

“काका, तसंही चाललं असतं.”

“तुझ्या बापाला चाललं असतं?”

आता रोज सकाळी येतात. असा माणूस तुम्हाला दाखवायला हवा, बाबा.

डाव्या हाताचं हे अक्षर बघून आई रडेल, म्हणून पत्र टाकत नाही. पैसे तेवढे पाठवतो.

अजून बसूनच बांधणारा,
नईम

घरी पोहोचले ते फक्त चारशे शेकेल.