मधली रेघ आखूड

२ जून
मायक्रोस्कोपवरून मान वर न करता ती "चपला बाहेर" म्हणाली, त्याच क्षणी माझं आयुष्य फिरलं. तिच्या मागे कॉलेज अर्धवट टाकून आल्याचं चीज झालं! नोकरी काय, तर बंदरात उतरणाऱ्या गुरांवरच्या माश्या पकडून बाटलीत भरायच्या. भरीन. बाटली तिच्याच टेबलावर ठेवायची असते ना! मुख्य बाई तिची मावशी. मी मनात तिला माशीमावशी म्हणतो. तपासणीच्या खोलीला दोन दारं: आतलं लावल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही. माशीचा एवढा थाट! मला घरात कुणी इतकं जपलं नाही.

४ जून
माशीमावशीचं प्रवचन. एक परदेशी माशी आपल्याकडे नाही, येऊ द्यायची नाही. दिसते आपल्या हिरव्या माशीसारखीच, पण पाठीवरच्या तीन रेघांतली मधली आखूड. आपली मेलेल्या मांसावर अंडी घालते, ही जिवंत अंगावरच्या जखमेत. मी म्हटलं, मग पासपोर्टच तपासा की. ती हसली नाही. मावशी म्हणाली, "शहाण्या, तू फक्त बाटली आण. ओळखायचं काम आमचं."

७ जून
तिच्यासाठी घाईघाईत दाढी केली, मानेवरचे केसही खरवडले, कानामागे कापलं. आणि बाईसाहेब गुरांच्या डॉक्टरशी खिदळतायत! वासराच्या जखमेवरची एक हिरवी माशी पकडली होती. पण त्या दोघांपुढे बाटली घेऊन हमालासारखा उभा राहू? छट्! आपलीच गल्लीतली आहे, असं मीच ठरवलं आणि झाकण उघडलं. जाईचना. माझ्या कानामागे येऊन बसली. चला, माशीला तरी मी आवडतो.

११ जून
कानामागे सूज. ठणका. मी जवळून गेलो की ती नाकाला रुमाल लावते. केवढा तो तोरा! डॉक्टर म्हणतो, दाखव. मी काय बैल आहे? रजा टाकून खोलीवर पडलोय.

१४ जून
आत काहीतरी वळवळतं. उशीवर अळी — पांढरी, जाडजूड. चिरडली. बाकीच्या फरशीच्या फटीत शिरल्या. कुणाला सांगू? तोच डॉक्टर चिमटा घेऊन येणार आणि ती बघत उभी राहणार. मरेन, पण —

२३ जून
फटींतून माश्या निघतायत. हिरव्या. एक आरशावर बसली. आज पहिल्यांदा नीट पाहिली.
तीन रेघा. मधली —
आखूड.

खालून हाक. ती! माझी चौकशी करायला आलीय. खिडकीतून पाहिलं, बोटाला पट्टी. काच लागली म्हणते. वर येऊ का, म्हणते. ओरडलो, खालीच थांब, मीच येतो.
तिच्याच तपासणीच्या खोलीचा नियम. आधी आतलं दार.
बाहेर पडलो. दार घट्ट लावलं. सगळ्या आत. आता जिना उतरून तिच्याकडे —
पण मग हे कानामागे अजून काय वळव—