घंटा होईपर्यंत

गुरुजी, शाळेच्या पडवीतला तो फळा अजून आहे. चौकट वाळवीने खाल्ली आहे, आणि मधली काही वर्षं त्यावर लसीकरणाच्या आणि वीज बंद राहण्याच्या सूचना सोडून काही नव्हतं, पण फळा आहे. तुम्ही देशावरून बदली होऊन आलात आणि पहिल्याच महिन्यात नियम केलात, की गावाच्या कारभाराबद्दल ज्याला जे म्हणायचं ते त्याने इथे लिहावं, फक्त लिहिणाऱ्याने शाळेची घंटा होईपर्यंत फळ्याजवळ उभं राहायचं. गावाला आधी हा पोरखेळ वाटला. मग एकाने लिहिलं, की सरपंचांनी रस्त्याखालची मोरी स्वतःच्या शेताकडे वळवली, आणि तो छाती काढून उभा राहिला. सरपंच आले, वाचलं, आणि म्हणाले, "मोरी मी नाय वळवली रं, पानीच वळलं." दोघं घंटेपर्यंत भांडले आणि मग चहा प्यायला एकत्र गेले. तुम्ही बाजूला सुपारी कातरत ऐकत होतात. आमचं हाय-नाय तुम्ही वर्गात सुधारायचात, फळ्यावरचं मात्र कधी पुसलं नाहीत. ते का, हे विचारायचं राहूनच गेलं.

शेलू स्टेशनाजवळ झाल्या तशा इमारती आता आपल्या गावातही झाल्या आहेत. शाळेजवळच्या आमच्या भाताच्या शेतावर एक उभी आहे आणि तिच्यात तिसऱ्या मजल्यावर मी राहते. त्यामुळे गावाला मी इमारतीतली आणि इमारतीला मी गाववाली. मला मात्र या नव्या माणसांचं भारी कुतूहल आहे. कोण विदर्भातलं, कोण साताऱ्याकडचं, कोण थेट बिहारचं, आणि प्रत्येकाला मत आहे! सरपंच बाई असताना सभेत तिचा नवराच का बोलतो, हे इतक्या वर्षांत आम्हाला कधी सुचलं नव्हतं, ते नागपूरकडच्या एका सुनेने पहिल्याच सभेत विचारलं. त्या दिवशी मला तुमची फार आठवण झाली. पण बाकीची सगळी मतं फोनवरच्या ग्रुपमध्ये पडतात. मी चष्मा लावून एकूण एक वाचते. कोण कुठे उभं आहे, हे मात्र त्यात दिसत नाही.

तिथेच माझी चूक झाली. एका लांबलचक संदेशात तीन गोष्टी होत्या. कचऱ्याची गाडी लवकर यावी, कुत्र्यांचा बंदोबस्त व्हावा, आणि शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत भाजीवाल्या बसवू नयेत, तिथे गाड्या लावायला जागा करावी. मी पहिली ओळ वाचली, गॅसवर दूध होतं, आणि 'सहमत' लिहून मोकळी झाले. एरवी सगळं वाचणारी मी, नेमकी तेव्हाच घाई केली. ग्रामसभेत इमारतीतल्या एका गृहस्थांनी सहमत असणाऱ्यांची यादी वाचली, त्यात माझं नाव आलं. दाराशी वाडीवरच्या बाया बसल्या होत्या, त्यांत माझी मैत्रीणही होती. तुम्हाला ती आठवत असणार. डोंगरावरच्या वाडीतून शाळेत येणारी ती एकटीच मुलगी होती. आज ती त्याच मोकळ्या जागेत आवळे, वालाच्या शेंगा, रानातलं जे मिळेल ते घेऊन बसते आणि त्यावर तिचं घर चालतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी उठून बोलायला हवं होतं, पण लाजेने मान खाली घातली. निर्णय पुढच्या सभेवर गेला. बाहेर पडताना ती एवढंच म्हणाली, "तुजं बी नाव हाय त्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडू घेऊन शाळेत गेले. लिहिलं, की माझं सहमत कचऱ्याच्या गाडीपुरतं होतं. भाजीवाल्यांची जागा हलवू नये, गाड्यांसाठी पंचायतीमागचा माळ आहे. खाली नाव लिहिलं आणि उभी राहिले. पाय भरून येतात हो गुरुजी, तुमचे कधी आले नाहीत का? दूधवाला वाचून हसला. मग ते यादीवाले गृहस्थ आले. "मॅडम, हे ग्रुपवर टाका ना, इथे कशाला ताटकळताय?" मी म्हटलं, "तिथे टाकलं की मी पोळ्या लाटायला मोकळी. इथे तुम्हाला उत्तर द्यावं लागतं." मग ते खरंच बोलायला लागले. त्यांच्या आईचे गुडघे गेलेत, गाडी लांब लावली की तिला तिथून इमारतीपर्यंत चालवत आणावं लागतं, म्हणून गाडी जवळ हवी. मला हे ठाऊक नव्हतं. भाजीवाल्या डोंगरावरून दीड तास चालत येतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आईसाठी इमारतीच्या दारातच एक जागा ठेवू म्हटल्यावर ते डोकं खाजवत गेले. हो म्हणाले नाहीत. सभेत काय होईल, सांगता येत नाही.

मग मैत्रीण आली. टोपली फळ्याखाली ठेवली आणि सगळं सावकाश वाचलं. "मी बी हुबी ऱ्हाते," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "त्या टायमाला पन तूच लिवलंवतंस ना गं? मला ठाव हाय."

गुरुजी, आम्ही शाळेत असताना एका सकाळी फळ्यावर लिहिलेलं होतं, की गुरुजी वाडीच्या पोरीला मागच्या ओळीत बसवतात. खाली नाव नाही, जवळ कुणी उभं नाही. तुम्ही स्वतःच तिथे उभे राहिलात आणि घंटेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला "बरोबर लिहिलंय, माझं चुकलं" म्हणत राहिलात. मग तिला पुढे आणून माझ्याशेजारी बसवलंत. माझं अक्षर तुम्हीच वळवलेलं, तेव्हा तुम्हाला कळलं नसेल असं मला वाटत नाही. पत्त्यावर आता तुम्ही नाही, म्हणून हे पत्र मी खडूच्या डब्यात ठेवून देणार आहे. तुम्ही मला धीट समजला असाल, म्हणून सांगते. फळ्यावरचं ते मी न्यायासाठी लिहिलं नव्हतं. ती आवळे आणायची, आणि मागच्या ओळीतून ते माझ्यापर्यंत पोहोचत नव्हते.