हाताने रंगवलेली तबकडी

कोपरखैरणे,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय गीता,

सात वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीटच उलटंपालटं करून बघशील. तुझा नंबर कुणाकडून तरी मिळाला असता, पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही. मला मध्येच रडू आलं असतं आणि तू समजूत घालायला लागली असतीस. ते मला नको होतं. म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून, भर दुपारी कागद घेऊन बसलेय.

हो, दुकान. सेक्टर पंधरामध्ये, एका झेरॉक्सवाल्याच्या शेजारी, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं एवढंच. घड्याळ दुरुस्तीपेक्षा आता घड्याळ तपासायचंच काम जास्त येतं. जुनं घड्याळ विकत घ्यायच्या आधी लोक माझ्याकडे पाठवतात. मी मागचं झाकण उघडते, मशीन बघते, काटे, काच, तबकडी बघते आणि काय मूळचं, काय नंतर बसवलेलं ते लिहून सहीशिक्का देते. खारघरचे एक गृहस्थ दुबईच्या मामांनी दिलेलं स्विस घड्याळ रुमालात गुंडाळून घेऊन आले होते. उघडलं तर आत साधं चिनी मशीन. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "नकली आहे ना? मामा तसाच होता." आणि इतकं हसले की झेरॉक्सवाला डोकावून गेला. पण सगळे असे हसत नाहीत गं. नकली घड्याळ हातात आलं की आता मी आधी समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघते.

रबाळ्याचा आपला घड्याळांचा कारखाना पाडला, तिथे आता गोदाम आहे. त्या लाईनवर तू तबकड्या तपासायचीस आणि मी शेजारी काटे बसवायचे. यंत्राने पास केलेली तबकडी सुपरवायझर तुझ्यापुढे ठेवायचा आणि तू न बघितल्यासारखं करून सांगायचीस, "सातच्या आकड्याला पाय कमी आहे." कारखाना बंद झाल्यावर आमच्या खोलीत खिडकीपाशी आपण एक टेबल टाकलं. बाबा तुर्भ्याच्या मार्केटमधून हमाली करून यायचे, ते दारातच चपला काढून चवड्यांवर चालायचे, तुझा हात हलू नये म्हणून. गंजलेलं, पाणी गेलेलं घड्याळ आपल्याकडे यायचं, तू तबकडी घासून पुन्हा रंगवायचीस, मी मशीन साफ करून बसवायचे आणि विकायचं काम माझं. दर वेळी तू विचारायचीस, "तबकडी नवीन रंगवलीय, सांगितलंस ना त्यांना?" मी म्हणायचे, "हो."

आता मागच्या महिन्यातली गोष्ट सांगते. नेरूळहून सुनयनाकाकू म्हणून एक बाई आल्या. साठी उलटलेली, साताऱ्याकडची बोली, हातात जुन्या चष्म्याची डबी. डबीत एचएमटीचं काळ्या तबकडीचं पायलट मॉडेल. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, त्याचं घड्याळ. नात भाविका बोटीवर कॅडेट म्हणून जाणार, तिला द्यायचं ठरवलं होतं. "पोरगी समुद्रावर जाणार, तिला खरी वस्तू द्यायची. तुम्ही एकदा बघून लिहून द्या," म्हणाल्या.

मी डोळ्याला भिंग लावलं. मशीन मूळचं, बाहेरची केस मूळची. मग तबकडी बघितली, आणि भिंग पुसून पुन्हा बघितली. छापलेली शाई सपाट बसते, ब्रशची शाई किंचित उंच उठते. मिनिटांच्या रेघा डावीकडे बारीक होत गेलेल्या, डावखुऱ्या हाताने ओढल्यासारख्या. आणि तो चारचा आकडा, वरून जरासा उघडा. तुझा चार. ते घड्याळ मीच विकलं होतं, काकूंच्या नवऱ्याला, त्यांच्या रिटायरमेंटच्या आठवड्यात. पावतीवर लिहून दिलं होतं : सर्व भाग मूळ.

मी गप्प राहू शकले असते. शहरात एखाददुसरा सोडला तर कुणी ते ओळखलं नसतं, इतकं तुझं काम सुरेख आहे. मी काकूंना पाणी दिलं, स्वतः प्यायले आणि सांगून टाकलं. तबकडी मूळची नाही, हाताने रंगवलेली आहे. आणि त्यांना फसवून विकणारी मीच. काकू म्हणाल्या, "तीन वर्षं मिरवलं हो त्यांनी हे. ज्याला त्याला बाही वर करून दाखवायचे. त्यांचं हसं केलंत तुम्ही." डबी उचलून निघून गेल्या. त्या दिवशी मी पुढचं एकही घड्याळ उघडलं नाही.

पाचव्या दिवशी त्या परत आल्या, भाविकाला घेऊन. पोरगी भडाभडा बोलणारी आहे. म्हणाली, "आज्जीचं चार दिवस टेन्शन घेऊन झालं. मला सांगा, ही रंगवली कुणी? आजोबांना मशीन कुठं दिसत होतं? ते रोज बघायचे ती तबकडीच ना. मग ज्याने केली त्याचं नाव लिहून द्या." काकू म्हणाल्या, "लिहा. पण या वेळी खरं लिहा." मी लिहिलं : मशीन व केस मूळ. तबकडी हाताने रंगवलेली, गीतांजली कोळी, मोरा (उरण). खाली सही केली. भाविकाने तिथेच घड्याळ मनगटावर चढवलं. आता ती सिंगापूरच्या पलीकडे कुठेतरी आहे, काकूंना फोटो पाठवते, आणि काकू मला पुढे पाठवतात. पूर्ण माफ केलंय असं नाही. पण पाठवतात.

त्यानंतर मला राहवेना. मागच्या आठवड्यात मी मोऱ्याला येऊन गेले, गीता. जेट्टीवर ओळीने होड्या लागल्या होत्या. एका होडीवरच्या नंबरात तो वरून उघडा चार दिसला, निळ्यावर पांढरा, हातभर उंच. तू होड्या रंगवतेस हे मला तेव्हा कळलं. तुझी आई मासळी सुकत घालत होती. मला बघून म्हणाली, "राजी नाय का तू? दुबली झालीस गो. घरा चल, गीता येलच आता." मी लाँच सुटेल असं काहीतरी पुटपुटले आणि परत फिरले. तिने तुला सांगितलं असेल, आणि तू म्हणाली असशील, राजी अशी कशी न भेटता गेली.

परवा रविवारी वाशीच्या त्याच हॉलमध्ये घड्याळवाल्यांची बैठक होती. हितेश ठाकूर अजून तसेच आहेत, भिंग गळ्यात घालूनच फिरतात. तुला आठवत असेल, तू आईच्या ऑपरेशनसाठी घरी गेली होतीस त्या रविवारी त्यांनीच सगळ्यांसमोर आपण विकलेलं एक घड्याळ उघडून तबकडी नवी असल्याचं दाखवलं होतं. त्यानंतर तुझं नाव खराब झालं, कुणी काम देईना, आणि महिनाभरात तू ब्रश गुंडाळून मोऱ्याला गेलीस. परवा मी उभी राहिले आणि त्या दिवशी खरं काय झालं ते सगळं सांगितलं. दोघातिघांनी तपासायला दिलेली घड्याळं लगेच परत मागितली. बरोबरच आहे. हितेशभाऊंनी तुझा ठावठिकाणा विचारला. ग्रुपला स्वतःचं घड्याळ काढायचंय, बारा नग, कुठल्याही कंपनीचं नाव न घालता. तबकडीवर रंगवणारीचंच नाव हवं, असं त्यांचं म्हणणं आहे. ते मोऱ्यातून तुझा नंबर मिळवून तुला या आठवड्यात फोन करतील, आणि त्याआधी तुला हे माझ्याकडून कळायला हवं, म्हणून हे पत्र. त्या रविवारी हितेशभाऊंनी माझ्याकडे बघून विचारलं होतं, "ही तबकडी कुणी बदलली?" आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "गीतांजलीने. मला न सांगता." तुझं नाव मी घेतलं होतं, गीता. तू परत आल्यावर मला मिठी मारून म्हणालीस, "राजी, तू तरी माझ्या बाजूने होतीस," आणि मी ते ऐकून घेतलं. फोन आला की हे लक्षात ठेवून हवं ते उत्तर दे, पण माझ्यावरच्या रागापायी ते काम सोडू नकोस. त्या बारांत माझा हात कुठेच नसेल, मशीन दुसरा माणूस बसवणार आहे. आणि कधी भांडावंसं वाटलं तर ये, किंवा मला बोलाव. या वेळी मी लाँचचं कारण सांगणार नाही.

तू ठेवशील तर तुझीच,
राजेश्वरी