चाळीस दिवसांत कॅप्टन

६ मार्च, राखेचा बुधवार. सकाळी सहा.
ठरलं. सेंट हेडविग चर्चचा फादर क्लेमेंट आता फौजेचा फादर होणार, हुद्दा कॅप्टनचा. तिकडे पाद्र्यांचा इतका तुटवडा आहे की वयातही सूट मिळते, आणि मी तर फक्त चव्वेचाळीसचा. अटी तीन. बिशपची परवानगी, कमरेचा घेर, आणि दोन मैल एकवीस मिनिटांत. चाचणी १३ एप्रिलला. म्हणजे ईस्टरआधीचा जवळजवळ आख्खा उपवासकाळ हाताशी आहे. आजपासून तळलेलं बंद. बिअर बंद. काळजी एकच, बिशप मला सोडतील कसे? माझ्यावाचून या चर्चचं पान हलत नाही.

८ मार्च, शुक्रवार.
शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून आमच्या तळघरात मासे तळतात आणि अर्धं विस्कॉन्सिन जेवायला येतं. मी प्रत्येक टेबलाशी जातो. प्रत्येक टेबल एक तुकडा पुढे करतं. नाही म्हणणं पाद्र्याला शोभत नाही. टेबलं बावीस.
कढईशी आर्लीनबाई होत्या. पदाने चर्चच्या सेक्रेटरी, प्रत्यक्षात सगळंच. म्हणाल्या, फादर, तुमचा उपवास आम्हाला परवडत नाही.

१० मार्च, रविवार.
रविवार उपवासाच्या चाळीस दिवसांत धरत नाहीत. हे मी नाही, चर्च म्हणतं. दोन बिअर.

१४ मार्च. सकाळी साडेसहा, शाळेचं मैदान.
प्रशिक्षक मिळाला. डुएन कुबियाक, निवृत्त सार्जंट, दोनदा इराकला जाऊन आलेला. दर रविवारी शेवटच्या बाकावर बसतो. कम्युनियनचा प्रसाद घ्यायला पुढे येत नाही, पापकबुलीला तर बारा वर्षांत आलेला नाही. मदत करतो म्हणून स्वतःहून आला, गळ्यात स्टॉपवॉच घालून.
आठ फेऱ्या, म्हणजे दोन मैल. मी पळत होतो. डुएन बाजूने चालत होता. त्याचा एक गुडघा कामातून गेलेला आहे.
एकतीस मिनिटं. स्टॉपवॉच बरंच जुनं आहे.

१९ मार्च.
बिशपना पत्र. नऊ पानं. पहिल्या आठांत चर्च माझ्यावर कसं उभं आहे ते, नवव्यात तरीही मला सोडा. आर्लीनबाईंनी टाइप करताना विचारलं, हे वाचून ते कशाला सोडतील? मी म्हणालो, मलाही तीच धास्ती आहे.

२२ मार्च, शुक्रवार.
उत्तर आलं. एक ओळ. आनंदाने परवानगी देत आहे. खाली ताजा कलम: शेजारच्या चर्चचे फादर ह्यूबर जाताजाता तुमच्याकडची रविवारची मिस्साही करतील.
फादर ह्यूबर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांना एका कानाने मुळीच ऐकू येत नाही. दुसऱ्याने थोडं. आणि म्हणे जाताजाता!
बिशपना मोठा त्याग करावा लागला असणार. म्हणूनच जास्त लिहवलं नसेल. मासे सहा तुकडे, दुःखामुळे.

२८ मार्च.
तीस मिनिटं. प्रगती आहे.
तिसऱ्या फेरीत डुएन म्हणाला, फादर, तिकडे आमच्या गाडीत एक पोरगा होता. मी म्हणालो, डुएन, आत्ता श्वास मोडतो, नंतर. नंतर आठवणीने विचारणार होतो, पण उपवासकाळाचं प्रवचन बाकी होतं. विषय: सैनिकाचं एकाकीपण.

४ एप्रिल.
डुएनने पुन्हा त्या पोराचं काढलं. मी थांबवलं आणि आघाडीवर असल्या पोराला मी काय सांगेन ते म्हणून दाखवलं. सुमारे अठरा मिनिटं. अडीच फेऱ्या त्यातच गेल्या. डुएन स्टॉपवॉचकडे बघत होता. भारावला असणार.

१२ एप्रिल, शुक्रवार.
निरोपसमारंभ. केकवर रणगाडा. भेट म्हणून सूटकेस. मला वाटलं रडारड होईल, म्हणून दोन रुमाल घेऊन गेलो होतो. दोन्ही मलाच लागले. लोकांनी ह्यूबर मिस्सा किती मिनिटांत आटोपतात याची आनंदाने चौकशी केली.

१३ एप्रिल, शनिवार. छावणी, दुपार.
कमरेचा घेर: टेप लावणारा पोरगा अननुभवी होता.
धाव: चौथ्या फेरीत एक उमेदवार कडेला गुडघ्यावर बसलेला दिसला. मान खाली. माझा जीव गलबलला. पायही गलबलले होते, पण तो भाग वेगळा. मी जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, बाळा, मन मोकळं कर, पापाला क्षमा आहे. तो म्हणाला, सर, मी बुटाची नाडी बांधतोय. आणि मी बॅप्टिस्ट आहे, आमच्यात कबुली नसते.
त्याला सतरा मिनिटं लागली. मला तेहतीस.

१४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार.
परतलो. झावळ्या वाटायला मीच. कोणी काही विचारलं नाही. सूटकेस परत द्यायला गेलो तर आर्लीनबाई म्हणाल्या, ठेवा फादर, पुढच्या वर्षी पुन्हा द्यायला नको.
मग म्हणाल्या, काल तुम्ही नव्हता ना, ह्यूबर कबुलीला बसले होते. डुएन आला होता. पाऊण तास आत होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल.
आज डुएन कम्युनियनला पुढे आला. बारा वर्षांनी. माझ्याच हातून घेतलं.
महिनाभर एक सैनिक माझ्या बाजूने चालत होता, आणि मी सैनिक शोधायला छावणीत गेलो. यावर मला एकही सबब सुचत नाही.

१५ एप्रिल. सकाळी साडेसहा, मैदान.
सवयीने गेलो. डुएन होता. म्हणालो, नापास झालो. म्हणाला, माहीत होतं, वेळ मीच मोजत होतो ना.
बाकावर बसलो. न राहवून विचारलं, ह्यूबरच का? म्हणाला, त्यांना ऐकू येत नाही फादर, म्हणून ते मध्ये बोलत नाहीत.
यावर माझ्याकडे उत्तर होतं. चांगलं होतं. गिळलं.
शेवटी तो त्या पोराचं नाव म्हणाला. फक्त नाव. मी मान हलवली.
उठताना म्हणालो, उद्या येतो, स्टॉपवॉच आणू नकोस. तो म्हणाला, नाही आणत. पण उद्या पळू नका हां फादर. सरळ चाला. लवकर पोचू.